दहा एक्सचं भिंग: सराफ बाजारातून द्राक्षबागेत

भिंग घ्यायचं तर दहा एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं घ्या, घडीचं घ्या, तीन काचांचं घ्या आणि ऑनलाइन न मागवता सराफ बाजारात जाऊन डोळ्याला लावून घ्या. घाईत असणाऱ्यांनी इथवर वाचलं तरी काम भागेल. मी मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण भिंगाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एक तर सोनारांसाठी असतं, नाहीतर नाणी-तिकिटं जमवणाऱ्यांसाठी. फुलं बघायला भिंग कसं निवडावं हे कुणी सांगत नाही.

आमची नाशिकला, मखमलाबादला तीन एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन या बिनबियांच्या जातीची. लग्नाआधी मी बॉटनीत बी.एस्सी. केलं होतं. बागेचा हिशेब, औषधं, मजूर हे मिस्टर बघतात; सकाळचा फेरा माझा. फुलोऱ्याच्या दिवसांत घडात काय चाललंय हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. द्राक्षाचं फूल चार-पाच मिलिमीटरचं, त्यातही हिरव्यावर हिरवं. तेव्हा भिंग हवंच होतं.

सराफ बाजारात सोनारांची हत्यारं विकणारी छोटी दुकानं आहेत. कानशी, चिमटे, मुशी, जंतरपट्ट्या आणि काचेच्या कपाटात भिंगं. दुकानाचं नाव देत नाही, कारण जवळपास सगळीकडे हाच माल मिळतो. मालकांनी विचारलं, "ताई, दुकान कुठं तुमचं?" म्हटलं, "दुकान नाही, बाग आहे." "बागेला भिंग?" "फुलोरा बघायचाय." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण चार प्रकारची भिंगं काउंटरवर काढून ठेवली आणि वर स्वतःचं पेनही दिलं, बारीक अक्षरं बघायला. गिऱ्हाइकाला माल डोळ्याला लावू देणारं दुकान चांगलं, अशी माझी व्याख्या आहे, मग ते साड्यांचं असो की भिंगांचं. सहाशे पन्नास सांगितले, सहाशेला दिलं. पावती मागितल्यावर कपाळावर आठी आली, तरी दिली.

आता तो एक्सचा घोळ. माझ्या पुतण्याने हौसेने ऑनलाइन एक भिंग मागवलं होतं. त्यावर तीस एक्स छापलेलं, दोन बारके दिवे लावलेले आणि किंमत माझ्या भिंगाच्या पावपट. त्या कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, असल्या कंपन्या पैशाला पासरी आहेत. पण भिंग खरं किती एक्सचं आहे हे तपासायला पट्टी पुरते. भिंग डोळ्याला लावा आणि वस्तू हळूहळू जवळ आणा. जिथे ती स्वच्छ दिसेल ते अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि अडीचशेला त्याने भागा. दहा एक्सचं असेल तर वस्तू पंचवीस मिलिमीटरवर, म्हणजे साधारण इंचभरावर स्पष्ट दिसते. तीस एक्सच्या भिंगाला वस्तू आठेक मिलिमीटरवर, जवळजवळ काचेला टेकवावी लागते. पुतण्याच्या भिंगातून तीन-साडेतीन सेंटिमीटरवरून नीट दिसत होतं. म्हणजे सात-आठ एक्सच्या आसपास. "तीस" हा आकडा बहुधा काचेच्या मापावरून आला असावा किंवा कुणाच्या मनातून.

बरं, खरंखुरं तीस एक्स मिळालं तरी फुलांसाठी घेऊ नका. एक्स वाढले की दिसणारा भाग लहान होतो आणि स्पष्ट दिसण्याची खोलीही घटते. फूल काही सपाट नसतं. एका परागकोशाचं टोक स्वच्छ दिसतं, त्याच्या मागची कुक्षी (पराग जिथे बसतो ते टोक) धूसर. वाऱ्याची झुळूक आली की तेही गेलं. शेतात उभं राहून बघायचं तर दहाच्या वर हात स्थिर राहत नाही.

तीन काचांचा आग्रह एवढ्यासाठी की एकाच काचेच्या भिंगात कडेच्या रेषा वाकतात आणि वस्तूभोवती निळी-पिवळी कड दिसते. तीन काचा चिकटवून केलेल्या भिंगात ही भानगड जवळपास नसते. वर्तमानपत्रातल्या रंगीत जाहिरातीचे ठिपके बघा. मधले आणि कडेचे ठिपके सारखेच गोल दिसले तर भिंग चांगलं. फुलांना हे फार लागतं, कारण पराग पिवळे आणि भिंगाने उगाच दाखवलेली कडही पिवळी; मग खरं कुठलं आणि खोटं कुठलं?

धरायची पद्धत सगळे चुकतात. गुप्तहेरासारखं भिंग फुलावर धरून लांबून बघायचं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, तो हात गालाला टेकवायचा आणि फूल दुसऱ्या हाताने वर आणायचं. उजेड पाठीकडून नको, बाजूने हवा. चष्मा असेल तर काढा.

नव्या भिंगाखाली पहिलं फूल जास्वंदीचं धरावं. पुस्तकातली आकृती त्याचीच असते आणि फूल मोठं असल्याने डोळा आणि भिंग यांची जुळवाजुळव चटकन होते. बाहेर हिरवा निदलपुंज, कळी असताना आतलं सगळं झाकून ठेवणारा. त्याच्याही खाली आणखी एक बारीक हिरवी झालर असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मग पाच पाकळ्या. मधोमध जो दांडा बाहेर येतो ती पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी आहे आणि स्त्रीकेसराचा कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, त्या नळीच्या आतून जाऊन वर निघतो. टोकाला पाच लाल मखमली गोंडे म्हणजे कुक्षी. भिंगातून ती मखमल म्हणजे चिकट केस असल्याचं दिसतं आणि त्यात अडकलेले पिवळे परागकण एक-एक मोजता येतात. जास्वंदीचे पराग चांगलेच मोठे असतात, खरखरीत असल्याचंही कळतं. तळाशी ब्लेडने आडवा काप घेतला की अंडाशयाचे पाच कप्पे आणि त्यात ओळीने लागलेली बीजांडं, ज्यांच्या पुढे बिया होतात. झालं, धडा संपला. ह्यापुढे गंमत ही की बाकीची फुलं ह्या आकृतीला जुमानत नाहीत.

ऑक्टोबर छाटणी झाली की साधारण पाच-सहा आठवड्यांनी द्राक्ष फुलोऱ्यावर येतं. शेजारच्या गुलाबाची पाकळी कळीच्या टोकाशी सुटते आणि खाली जोडलेली राहते. द्राक्षाची पाकळी (फुलाची म्हणतेय, घडाच्या फाट्याला म्हणतात ती नाही) नेमकी उलट वागते. पाचही पाकळ्या टोकाला एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि सुटतात बुडाशी. मग आतले पाच पुंकेसर ताठ होतात, खालून जोर लावतात आणि पाकळ्यांची आख्खी टोपी वर उचलली जाऊन पडते. म्हणून उमललेल्या द्राक्षफुलाला पाकळ्याच नसतात. निदलं तर नावापुरती, बुडाशी एक कंगोरा, बस्स.

हे घडताना बघायचं असेल तर सकाळी ऊन वर यायला लागल्यावर घडाशी बसायचं. आधी टोपीच्या बुडाशी पाच चिरा दिसतात, हिरव्याचा रंग तिथे जरा पिवळट होतो. मग टोपी एका बाजूने उचकटते आणि लोंबकळत राहते. एखादा पुंकेसर तिच्याखालून निसटतो, दुसरा अडकलेला असतो. मध्येच टोपी गायब होते आणि पाचही पुंकेसर बाजूला फाकतात. टोपी पडण्याच्या वेळेलाच परागकोश फुटलेले असतात, त्यामुळे मधल्या कुक्षीवर पिवळी पूड बसलेली सापडते. मधला स्त्रीकेसर खाली फुगीर, वर निमुळता. टोकाला कुक्षी, ओलसर. बुडाशी पुंकेसरांच्या मधोमध पाच पिवळसर गाठी असतात, त्या ग्रंथी. फुलोऱ्यातल्या बागेला जो मंद गोड वास येतो त्यात त्यांचाही वाटा आहे. आमचं द्राक्ष परागणासाठी मधमाशीवर अवलंबून नाही, स्वतःच्या परागावर त्याचं बहुतांश भागतं. म्हणूनच कोरडी, शांत, उबदार हवा मिळाली की सेटिंग, म्हणजे मणी धरणं, बघायला नको.

आणि नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला की काय होतं तेही ह्याच भिंगातून दिसतं. टोप्या भिजून चिकटतात, पडतच नाहीत. आत पराग ओला, कुक्षी धुतलेली, टोपीखाली ओल कोंडलेली. दोन दिवसांत तिथून करपट डाग सुरू होतो. गळ आणि कूज हे शब्द आम्ही जोडीने उच्चारतो, पण त्यांची सुरुवात कुठे होते ते मला भिंगाने दाखवलं. घड हलक्या हाताने झटकून अडकलेल्या टोप्या पाडायच्या, हे जुने बागायतदार करतच आले आहेत. आता मी थिनिंगच्या, म्हणजे घड विरळ करणाऱ्या बायकांना कारणासह सांगते. त्यातल्या सुरगाण्याकडच्या एकीने भिंगातून टोपी उडताना पाहिली आणि म्हणाली, "अय्या, फुलानं टोपरंच फेकलं की!" नंतर अर्धा तास भिंग परत मिळालं नाही.

थॉमसनला बी नसते, मग त्याला परागाची गरज काय, असं मला चांगले शिकलेले लोक विचारतात. गरज आहे. अंडाशयात दोन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं, म्हणजे मण्यात जास्तीत जास्त चार बिया होऊ शकतात. परागकण कुक्षीवर रुजतो, त्याची नलिका कुक्षीवृंतातून खाली बीजांडापर्यंत उतरते आणि त्यातून दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, आत जातात. एक अंड्याशी मिळून भ्रूण बनतो, दुसऱ्यापासून भ्रूणाचं अन्न, म्हणजे भ्रूणपोष. हे द्विफलन १८९८ मध्ये नावाशिन या रशियन शास्त्रज्ञाने लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवून दिलं. कॉलेजात हे पाठ केलं होतं, मार्कांपुरतं. थॉमसनमध्ये हे सगळं होतं, पण पुढे बी वाढायची थांबते. भ्रूण अर्धवट राहतो आणि मणी तेवढा वाढतो. पिकलेला मणी उभा चिरून भिंगाखाली धरा, मधोमध तपकिरी-हिरवट मऊ कण दिसतील. त्या अर्धवट बिया. दाताखाली येत नाहीत म्हणून आपण त्याला बिनबियांचं म्हणतो. मण्याला फुगवणारी संजीवकं मुख्यतः वाढत्या बीमधून येतात. बीच थांबली तर मणी बारीक राहणार. म्हणून तर आपण जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) पाण्यात घड बुडवतो. डिपिंगला मजुरी किती जाते हे नाशिकच्या बागायतदाराला सांगायला नको, पण ती कशाच्या बदल्यात जाते ते त्या तपकिरी कणात दिसतं.

सहाशे रुपयांचा हिशेब घरात द्यावा लागतो, तर तोही सांगते. फुलोऱ्यात घड पांढऱ्या कागदावर झटकून पडलेले फुलकिडे बघायचे, पानाखाली लाल कोळी आहे का बघायचं, डाऊनी रोगाचा पांढरा बुरसा की नुसती धूळ हे ठरवायचं. एक फवारणी टळली की भिंगाचे पैसे वसूल. मिस्टरांनी त्यानंतर विषय काढला नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यात, भाऊ कांद्याचं उळं, म्हणजे बियाणं करतो. डेंगळ्यांच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांच्या गोंड्यावर भिंग लावायला मिळालं ते तिकडे. एका गोंड्यात शेकडो फुलं आणि एकाच वेळी सगळी उमलत नाहीत, त्यामुळे एकाच गोंड्यात सगळ्या अवस्था मिळतात. सहा पांढऱ्या पाकळ्या. इथे निदल आणि दल असा भेद करताच येत नाही, दोन्ही फेरे सारखेच. सहा पुंकेसर, आतले तीन आधी फुटतात, बाहेरचे तीन मागून. आणि मधला कुक्षीवृंत? तो तेव्हा जेमतेम मिलिमीटरभर असतो. पराग सांडून झाले की मग तो वाढायला लागतो, पाचेक मिलिमीटर होतो आणि त्यानंतर कुक्षी तयार होते. म्हणजे फूल आधी नर, मग मादी. स्वतःचा पराग स्वतःला उपयोगाचा नाही, दुसऱ्या फुलावरून यायला हवा आणि तो कुणीतरी आणायला हवा. आतल्या पुंकेसरांच्या बुडाशी मधाचे थेंब असतात, भिंगातून चकाकतात, ते त्या कुणासाठी तरी. फुलाचा रंग, वास, मध ही सगळी कीटकांना बोलावण्याची व्यवस्था आहे हे जर्मनीतल्या श्प्रेंगेल नावाच्या शिक्षकाने १७९३ मध्ये सविस्तर मांडलं होतं, त्याच्या हयातीत कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आमच्या भाऊरायांनीही नाही. ऐन फुलोऱ्यात सकाळच्या प्रहरी डेंगळ्यांवर कडक औषध मारायचं आणि मग गोंड्यात दाणे का भरले नाहीत म्हणून बियाण्याला शिव्या द्यायच्या. तीन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं, सहा दाणे व्हायला हवेत. मोजले तर दोन, कुठे तीन. आता तो फुलोऱ्यात शक्यतो फवारत नाही, मारावंच लागलं तर संध्याकाळी माश्या परतल्यावर. दादाला हे मी सांगितलं म्हणून पटलं असं नाही. त्याने स्वतः भिंग लावून रिकामे कप्पे पाहिले.

भाजीपाला करणाऱ्यांनी वांग्याचं फूल अवश्य बघावं. पाच पिवळे परागकोश मधोमध गोळा झालेले आणि प्रत्येकाच्या टोकाला दोन बारीक भोकं. पराग त्या भोकांतून बाहेर पडतो, बाजूने फुटून नाही. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा पूड सांडते. साध्या मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटोतही असाच सुळका असतो, फक्त तिथे परागकोश आतल्या बाजूने फुटतात. वांग्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी: कुक्षी परागकोशांच्या वर आलेली आहे की आत दबून राहिलीये. वर आलेल्या फुलांना फळ धरतं, आखूड कुक्षीवृंताची फुलं गळून जातात. "फूलगळ झाली" म्हणून दुकानातून टॉनिक आणण्याआधी गळालेली दहा फुलं भिंगाखाली घाला. बरीचशी मुळातच न धरणारी निघतील.

रुईबद्दल मात्र मला थांबून लिहायचंय. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो ती, बांधावर उगवणारी. हे फूल पुस्तकातल्या आकृतीला पार मोडीत काढतं. पाच जांभळट-पांढऱ्या पाकळ्या ठीक, पण मधोमध एक पंचकोनी चौथरा असतो आणि त्याच्याभोवती पाच मांसल शिंगं. कुक्षी कुठे, पुंकेसर कुठे, काही कळत नाही, कारण दोघं एकमेकांत मिसळून तो चौथरा झालेला असतो. चौथऱ्याच्या पाच कोपऱ्यांवर भिंगातून एक-एक काळा ठिपका दिसतो. शिवणाची बारीक सुई घ्या, ठिपक्याखालच्या फटीत अलगद घाला आणि वर ओढा. ठिपका सुईला चिकटून येतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन चपट्या पिवळ्या पिशव्या लोंबतात, गाढवाच्या पाठीवरच्या गोण्यांसारख्या. हे रुईचे पराग. सुटी पूड नाहीच, आख्खे गठ्ठे. मोठा काळा भुंगा मध प्यायला बसतो, त्याचा पाय फटीत घसरतो आणि ओढून काढताना गठ्ठा पायाला अडकून येतो. पुढच्या फुलावर पाय पुन्हा फटीत गेला तर गठ्ठा तिथे राहतो. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला हे आम्हाला सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि मला खरं वाटलं नव्हतं.

सावधगिरी: रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. आणि भिंग वापरताना हात डोळ्यापाशीच असतो. फूल देठापासून तोडलं की चीक येतो, म्हणून देठ कागदात गुंडाळा, चौथऱ्याखालचा भाग कापू नका आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भिंगाला लावू नका. मुलांच्या हाती रुई देऊच नका, आपण धरा आणि त्यांना बघू द्या. रुईच्या दूरच्या नात्यातलं कंदीलपुष्प आपल्या अंजनेरीच्या डोंगरावर सापडतं, अंजनेरीच्या नावाचीच एक जात आहे. त्याच्या नळीत बारीक माश्या काही काळ कोंडल्या जातात, आतले केस त्यांना बाहेर पडू देत नाहीत. पण त्याला हात लावायचा नाही. तोडायचं तर सोडाच, भिंग घेऊन ओणवंही होऊ नका, पायाखाली दुसरं रोप चेंगरतं.

पंचवटीत गेलात तर पडलेलं उंबर उचला. हिरवं, कच्चं. मधोमध चिरलं की आतली भिंत बारीक फुलांनी खच्चून भरलेली. फळ म्हणून आपण जे बघतो ती फुलांची बंद पिशवी आहे. टोकाच्या छिद्राशी नर फुलं, आत मादी फुलं, काहींचा कुक्षीवृंत लांब, काहींचा आखूड. इवलीशी माशी छिद्रातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. आखूड फुलांत ती अंडी घालते, लांब फुलांत बी धरते. ज्यांना उंबराचं फूल दिसलं तर राज्य मिळतं असं वाटतं त्यांनी सहाशे रुपये खर्चावेत. वडाचंही असंच, त्याची माशी निराळी.

झेंडू सासूबाईंना दाखवला. दसऱ्याला गंगेवरून, म्हणजे गोदाकाठावरून आणलेल्या झेंडूचं एक फूल सोडवलं आणि एकेक पाकळी भिंगाखाली धरली. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी स्वतःचं अंडाशय आहे, तेच पुढे काळी काडी, म्हणजे बी होतं. वर दोन फाट्यांची कुक्षी आहे. म्हणजे पाकळी म्हणून आपण जी खुडतो ते एक पूर्ण फूल आणि झेंडू म्हणजे त्यांची वसाहत. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "म्हणजे देवाला एक वाहिला की शंभर वाहिल्याचं पुण्य?" मी म्हटलं, "आई, बॉटनीत ते नव्हतं." त्या वर्षीपासून आमच्याकडे तोरणाला झेंडू कमी लागतो की जास्त, ह्यावर घरात एकमत नाही.

डाळिंब खाताना त्याचा मुकुट फेकू नका. तो म्हणजे फुलाची निदलं, फळावर तशीच राहिलेली. आत भिंग लावलं की वाळलेल्या पुंकेसरांचं जंगल दिसतं. सापुताऱ्याच्या वाटेवर मिळणाऱ्या सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीत उलटं: लाल गर म्हणजे फुगलेलं पुष्पासन (फुलाची बैठक) आणि ज्यांना बिया म्हणतो ती खरी फळं. प्रत्येकीवर कुक्षीवृंताचा वाळका केस अजून चिकटलेला असतो. पुतण्याने दहावीच्या पेपरात हे लिहिलं नाही, लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते की कापले असते कोण जाणे.

आता तक्रारी. घडीचा स्क्रू महिनाभरात ढिला होतो आणि काच झाकणातून आपोआप बाहेर येते. चष्म्याच्या दुकानात स्क्रू आवळून मिळतो, नखाने आवळायचा प्रयत्न करू नका, खाच बोथट होते. दोरी ओवायला कडी आहे, पण इतकी बारीक की सुतळी जात नाही. मी नायलॉनचा धागा घातलाय. गळ्यात हवंच, नाहीतर बागेत पडलं की पाचटात सापडायचं नाही. बोर्डो मिश्रणाचं औषध लागलेल्या हाताने धरलं तर वरची चकाकी जाते, ती आमच्याकडे गेलेलीच आहे. काचेला काही झालेलं नाही. पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरण्याची भीती असते, त्यासाठी औषधाच्या डब्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डबीत ठेवते. पदराने पुसू नका, धुळीचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकर, मग चष्म्याचं फडकं. आणि चामड्याचं म्हणून जे पाकीट देतात ते चामड्याचं नाही. पहिल्या पावसात त्याचे पापुद्रे निघतात.

मोबाईलने फोटो काढायचे तर भिंग कॅमेऱ्याला टेकवून बरे येतात, पण दोन हात अपुरे पडतात. तिसरा माणूस लागतो. त्यासाठीच घ्यायचं असेल तर मोबाईलला अडकवायची वेगळी भिंगं मिळतात, ती मी वापरलेली नाहीत. पराग रुजताना, नलिका उतरताना बघायची असेल तर दहा एक्सने काहीच होणार नाही, तिथे सूक्ष्मदर्शकच हवा. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही म्हणून वाचायला भिंग हवं असणाऱ्यांनीही हे घेऊ नये, ह्यातून एका वेळी दोन-तीन अक्षरंच दिसतात.

घेण्याआधी वापरून बघायचं असेल आणि तुम्ही मखमलाबादच्या आसपास राहत असाल तर नोव्हेंबरात सकाळी बागेत या, फुलोरा चालू असतो. फोन करून या, फवारणीच्या दिवशी आत घेत नाही.